कोपऱ्यातली ओळ

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मांडवीच्या जेटीवर संध्याकाळचा वारा खात बसलो होतो. एक सद्गृहस्थ जवळ आले, नमस्कार केला आणि म्हणाले, "तुमची कादंबरी वाचली. झकास आहे! आमच्या सबंध ग्रुपवर फिरतेय." ज्या लेखकाच्या पुस्तकाची एक आवृत्ती संपायला नऊ वर्षे लागली, त्याच्या कानाला 'फिरतेय' हा शब्द किती गोड लागला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. मी विचारले, "कुठून घेतलीत?" ते म्हणाले, "घ्यायची कशाला? पीडीएफ आलीय ना! तुम्हाला पाठवू का?"

माझीच कादंबरी मला फुकट द्यायला निघालेल्या त्या उदार माणसाला काय उत्तर द्यावे हे मला सुचले नाही. घरी आल्यावर मात्र ते भरपूर सुचले. चोर, दरोडेखोर, वाङ्मयाचे मारेकरी, असे एकामागून एक शब्द मी उच्चारीत होतो आणि पत्नी शेवग्याच्या शेंगा सोलीत ऐकत होती. माझा दम संपल्यावर ती म्हणाली, "अहो, पण त्यांनी वाचली तरी! माळ्यावरच्या गठ्ठ्यांना कोण वाचतंय?" संसारात काही प्रश्नांना उत्तर न देणेच श्रेयस्कर असते.

हा राग मी जपून ठेवला होता. त्यावर एखादा खरमरीत लेख लिहावा असेही मनात होते. परंतु जूनमध्ये शाळा उघडली आणि सातवीतल्या एका मुलाने तो राग माझ्या हातून काढून घेतला.

मी येथल्या एका खाजगी शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकलेची एक पदविका. संगणकाचा पडदा रंगीत असतो, आणि रंगांशी माझा संबंध आहे, एवढ्याच तर्कावर आमच्या मुख्याध्यापकांनी संगणकाची खोली माझ्या गळ्यात घातली. तेथे नऊ यंत्रे आहेत. मुंबईला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या कचेरीतून बाद झालेली यंत्रे गावच्या शाळेला दिली, त्यांतली ही. ती बसवायला आलेल्या माणसाने विचारले होते, "सर, ओरिजिनल टाकू की आपलं नेहमीचं?" नेहमीचे म्हणजे काय, हे मला समजले होते. समजले नाही असे दाखवून मी म्हणालो, "नेहमीचंच टाका."

त्या दिवशी सकाळच्या परिपाठात मी गोष्ट सांगितली ती आंब्याची. रत्नागिरीत चोरीची गोष्ट सांगायची तर दुसऱ्या कशाची सांगणार? वाऱ्याने पडलेला आंबा दिसला तरी तो ज्याच्या कलमाचा त्याचाच. मालक पाहत नाही म्हणून तो आपला होत नाही, इत्यादी. मुले गोष्ट ऐकत होती, कारण त्यांतल्या निम्म्यांनी महिन्यापूर्वीच हा उद्योग केलेला होता. तिसऱ्या तासाला हाच वर्ग संगणकाच्या खोलीत आला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, फिकट अक्षरांत एक इंग्रजी ओळ कायमची उमटलेली असते. त्या मुलाने तिच्यावर बोट ठेवले. "सर, हे 'ॲक्टिव्हेट विंडोज' असं का येतं?"

मी म्हणालो, "ते तसंच असतं. तू आपलं चित्र काढ."

खोटे बोलायला फार शब्द लागत नाहीत. माझ्या लेखी हिशेबात या वाक्याचे मोल चार आणेही नसेल. पण त्या रात्री मला झोप लागेना. मांडवीवरचे ते सद्गृहस्थ आणि मी यांच्यात फरक कोणता? त्यांनी माझी कादंबरी न विचारता घेतली. मी दुसऱ्या कोणाचे तरी पुस्तक न विचारता घेऊन चाळीस मुलांसमोर उघडून ठेवले. पुस्तक हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून संगणकाची आज्ञावली ही कायद्याच्या लेखी साहित्यकृतीच आहे. म्हणजे मी आणि तो विंडोज लिहिणारा, दोघेही एकाच पंक्तीला बसलेले लेखक! त्याच्या ताटातले उचलून मी माझ्या ताटाचे रक्षण करण्याच्या गोष्टी बोलत होतो.

मनाला सुटका हवी असली की ते मोठे वकील होते. माझ्या मनाने पहिला युक्तिवाद काढला तो असा: आंबा घेतला तर मालकाचा एक आंबा कमी होतो, पण नक्कल केल्याने कोणाचे काय कमी झाले? हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. आमच्या गावच्या वाचनालयाची परंपरा १८२८ पर्यंत मागे जाते. तेथले पुस्तक मी घरी आणले की कपाटात तेवढी जागा रिकामी होते. नक्कल केलेल्या फाइलीमागे अशी रिकामी जागा राहत नाही. तेव्हा तिला चोरी म्हणावे कसे?

या ठिकाणी मला कलमांची आठवण झाली. आंब्याचे फळ आणि आंब्याचे कलम यांत हाच फरक आहे. हापूसच्या झाडावरून एक काडी घेतली, तर झाडाचे काही बिघडत नाही. रायवळाचा खुंट, त्यावर हापूसची काडी; पाच-सहा वर्षांनी तेच फळ, तीच चव. कलमे बांधण्याची ही विद्या पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात रुजली, हापूसला नावही त्यांच्याच अफोन्सो द अल्बुकर्कवरून मिळाले असे सांगतात, आणि मग बागेतून बागेत काडी जात ती किनाऱ्याने वर आली. आज कोकणात जितके हापूस आहेत, ते सारे एका अर्थाने नकलाच आहेत. ज्यांनी ती पहिली काडी दिली त्यांनी हात आखडता घेतला असता, तर रत्नागिरीचे नाव आज कोणी घेतले असते?

म्हणजे नक्कल हेच पाप नव्हे. परंतु वकीलसाहेबांना एवढ्यावर सोडून चालणार नव्हते. कारण २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले, आणि आजही परराज्यातला आंबा 'रत्नागिरी' म्हणून पेटीत भरलेला दिसला की आमच्या तोंडून जे शब्द निघतात, ते दिवाळी अंकात छापता येण्यासारखे नसतात. तेथेही आमच्या झाडावरचा आंबा कोठे कमी होतो? तरीही लागते. का? कारण आपल्याला न विचारता कोणी आपले श्रम आणि आपले नाव वापरले. काडी मागून नेली तर दान, रात्री कापून नेली तर चोरी. काडी तीच, झाडाचे नुकसान दोन्हीकडे शून्य. फरक पडतो तो केवळ देणाऱ्याच्या मनाने. देण्याचा हक्क त्याचा होता, आणि तो मी त्याच्यापासून काढून घेतला, एवढाच माझा अपराध. पण 'एवढाच' म्हणावे इतका तो लहान आहे का?

हे भांडण संगणकाच्या जगात जुने आहे. १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स या वीस वर्षांच्या तरुणाने तेव्हाच्या हौशी संगणकवाल्यांना एक अनावृत पत्र लिहिले. आम्ही खपून लिहिलेले बेसिक तुम्ही बहुतेक जण पैसे न देता वापरता, मग चांगले काम करायचे तरी कोणी, असा त्याचा रोख. मांडवीवरून परत येताना त्या सद्गृहस्थांना मी मनातल्या मनात जे पत्र लिहिले, ते जवळजवळ शब्दश: हेच होते! गेट्स पुढे जगातला सर्वांत श्रीमंत माणूस झाला आणि माझे गठ्ठे माळ्यावर आहेत, हा तपशिलाचा फरक.

दुसरा माणूस रिचर्ड स्टॉलमन. अमेरिकेतल्या एमआयटीत त्याच्या छपाईयंत्रात कागद अडकत असे. ते सुधारावे म्हणून त्याने त्या यंत्राची मूळ आज्ञावली मागितली. ज्याच्याकडे ती होती त्याने, 'न देण्याचे वचन दिले आहे' म्हणून नकार दिला. शेजाऱ्याला मदत न करण्याचे वचन माणसाने द्यावे, हे स्टॉलमनला विपरीत वाटले. १९८३ साली त्याने अशी प्रणाली लिहिण्याचा संकल्प सोडला, की जी कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, वाटावी. पुढे १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हौसेखातर लिहिलेला गाभा जगापुढे ठेवला, आणि दुसऱ्या वर्षी तो स्टॉलमनच्याच परवान्याखाली मोकळा केला. तेच लिनक्स. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. २०१७ पासून जगातले पहिले पाचशे महासंगणक त्यावरच चालत आले आहेत.

त्या परवान्याची अट मला आमच्या बागायतदाराच्या भाषेत समजली. काडी घे, तुझ्या बागेत लाव, हवे तर तिच्यापासून नवी जात काढ; मात्र ते झाड तू दुसऱ्याला दिलेस, तर त्याची काडी मागणाऱ्याला तू नाही म्हणायचे नाहीस. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात पैसा न लागणे आणि बंधन नसणे हे दोन्ही अर्थ कोंबलेले असल्यामुळे स्टॉलमनला जन्मभर खुलासे करीत बसावे लागले. मराठीत 'फुकट' आणि 'मुक्त' हे शब्द एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नाहीत. गंमत अशी, की शब्द असूनही आपण पाहतो ते फुकटच.

मीही तेच पाहिले, हे कबूल करतो. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली होती, आणि पुढची आवृत्ती आमच्या म्हाताऱ्या यंत्रांवर चालण्यासारखी नव्हती. संस्थेची मंडळी ती भंगारात काढायच्या विचारात होती. तेव्हा श्रावणातल्या सुटीत आठ यंत्रांवर मी लिनक्स घातले, ते सदसद्विवेकाने की काटकसरीने हे देवालाच ठाऊक. आयआयटी मुंबईचे मराठीतून शिकवणारे स्पोकन ट्युटोरियलचे धडे ऐकत, चार ठिकाणी चुकत, ते जमले. नववे यंत्र कार्यालयाचे. त्यावरचे काही काम विंडोजशिवाय होत नाही. त्याचा रीतसर परवाना संस्थेने विकत घेतला. लिनक्सवर सारेच गोड आहे असेही नाही. जुना प्रिंटर रुसला तो अद्याप बोलत नाही. पण मराठी लिहायला काही वेगळे घालावे लागले नाही, आणि जिंप नावाच्या सॉफ्टवेअरात रंगांचे जे थर लावता येतात, त्यांनी माझ्यासारख्या कुंचलेवाल्यालाही वेड लावले.

वर्ग परत आला तेव्हा मी त्यांना ती ओळ का येत असे ते सांगितले. आपण चोरलेले वापरत होतो, मला ते माहीत होते, आणि विचारल्यावर मी खोटे सांगितले, असे तीन वाक्यांत सांगितले. वर्गात शांतता पसरली. माझ्या कानांची पाळी तापली होती. मग त्या मुलाने विचारले, "मग सर, हे ज्यांनी केलं, त्यांना पैसे कोण देतं?"

सातवीतल्या मुलाला परवाने समजत नाहीत, पण हे समजते. काहींना मोठ्या कंपन्या पगार देतात, असे मी म्हणालो. ते खरे आहे, पण पुरते खरे नाही. २०१४ साली हार्टब्लीड नावाचा दोष उघडकीस आला, तेव्हा जगाला कळले की निम्म्या महाजालाचे कुलूप ज्या ओपनएसएसएलवर अवलंबून, त्याला वर्षाकाठी मिळणारी देणगी दोन हजार डॉलरच्या आसपास होती. २०२४ च्या मार्चमधली हकीकत तर कादंबरीत घातली असती तर संपादकांनी कापली असती. फायली आवळून लहान करणारे एक्सझेड हे छोटे सॉफ्टवेअर एक माणूस वर्षानुवर्षे एकट्याने, विनामोबदला सांभाळीत होता. तो थकला होता. लोक मात्र उशीर का होतो म्हणून त्याच्यामागे तगादा लावीत होते. तेवढ्यात एक गोड बोलणारा मदतनीस आला, दोन वर्षे त्याने इमानाने काम केले, विश्वास मिळवला, आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद उशीर होतोय असे वाटले, आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला. हा फ्रॉइंड मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला होता, हे मुद्दाम सांगतो. चांगुलपणाचे जातवार वाटप करू पाहणाऱ्यांना ते अडचणीचे आहे.

त्या थकलेल्या माणसाचे कोणी काही चोरले नव्हते. त्याने आपण होऊन दिले, लोकांनी घेतले, परवान्यात सारे बसत होते. तरीही वाटते की तेथे काहीतरी चुकत होते, आणि त्याला मराठीत शब्द शोधू लागलो तर मला 'ऋण' याच्या पलीकडे जाता येत नाही. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याचे ऋण फेडायचे कसे? माझ्या आजोबांनी कोणाच्या तरी बागेतून काडी आणली होती. कोणाच्या, ते घरात आज कोणालाच सांगता येत नाही. आंबे मात्र दरवर्षी उतरतात.

कादंबरीच्या बाबतीत मी निवळलो असे समजू नये. ती मी मोकळी केलेली नाही. ज्यांना हवी त्यांनी विकत घ्यावी. माळ्यावर प्रती आहेत.

गेल्या आठवड्यात तोच मुलगा पुन्हा बोट दाखवू लागला. लहान मुलांनी चित्रे काढायचे एक सॉफ्टवेअर आम्ही मराठीतून लावले आहे. त्यात 'रेषा' हा शब्द 'रेशा' असा लिहिलेला आहे. "सर, हे चुकलंय. कोणाला सांगायचं?" सांगण्याची सोय असते, हे मला ठाऊक होते, आजवर मी ती कधी वापरली नव्हती. मधल्या सुटीत आम्ही दोघांनी मिळून पत्र लिहिले. इंग्रजीच्या दोन चुका त्याने दुरुस्त केल्या, एक माझी राहिली असावी. उत्तर अद्याप आलेले नाही. तो रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी येऊन विचारतो.