राबत्या वास्तूंचे शहर

पुण्यातले आधुनिक शिक्षण सुरू झाले ते नव्या इमारतीत नव्हे, रिकाम्या झालेल्या वाड्यात. पेशवाई संपल्यानंतर तीनच वर्षांनी, १८२१ मध्ये, कमिशनर चॅप्लिन यांच्या काळात संस्कृत पाठशाळा उघडली. तिला जागा मिळाली दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात आणि खर्चाची सोय झाली पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून. धनी गेला, वाडा उरला आणि त्यात विद्यार्थी आले. त्या काळी कोणाला यात नवल वाटले नाही. जुनी वास्तू चांगल्या कामी लावायची, गळते तिथे शाकारायचे, कुजलेली तुळई बदलायची आणि पुढे चालायचे, ही इथली मूळ रीत होती. देवळांचा जीर्णोद्धारही याच भावनेने होत असे. मूळ दगड किती राहिला याचा हिशेब कोणी ठेवत नसे. पूजा चालू राहिली, दिवा लागला की वास्तू जगली असे मानले जाई. जुन्या इमारतीचे काय करावे याविषयी पुण्याने पुढच्या दोनशे वर्षांत बरेच विचार बदलले. या साऱ्या प्रवासात सर्वांत कमी बोलली गेली आणि सर्वांत खरी ठरली, ती ही पहिली रीतच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर शिक्षणासाठी स्वतंत्र इमारती उभ्या राहू लागल्या. सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती, म्हणून १८५४ मध्ये इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे ते मूळ. मुळा-मुठेच्या संगमाजवळच्या त्याच्या मुख्य इमारतीची कोनशिला १८६५ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी बसवली. विश्रामबागवाड्यातल्या पाठशाळेतून वाढलेले डेक्कन कॉलेज १८६८ मध्ये येरवड्याच्या मोकळ्या माळावर गेले. कॅप्टन विल्किन्स यांनी आखलेली ही गॉथिक वळणाची इमारत, आणि तिच्या खर्चात सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीचा मोठा वाटा होता. गणेशखिंडीतले गव्हर्नरचे निवासस्थान १८६४ ते १८७१ या काळात बांधले गेले. कापसाच्या तेजीत काम निघाले, तेजी ओसरल्यावरही खर्च थांबला नाही आणि त्यावरून टीकाही झाली. या इमारतींचे आराखडे विलायती होते, तरी दगड इथलाच होता, पुण्याच्या टेकड्यांतून निघणारा काळा बेसाल्ट. आणि तो घडवणारे हातही इथल्याच पाथरवटांचे.

एतद्देशीय मंडळींनी मात्र सुरुवात पुन्हा पेठेतूनच केली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात. न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये वाड्यातच सुरू झाले. मुलींचे हायस्कूल १८८४ मध्ये पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर उभे राहिले आणि हुजूरपागा हे नाव त्याला कायमचे चिकटले. फर्ग्युसन कॉलेजचे पहिले वर्ग १८८५ मध्ये शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात भरले. चतुःशृंगीच्या वाटेवरच्या आजच्या इमारतीची कोनशिला १८९२ मध्ये बसली आणि १८९५ मध्ये कॉलेज तिथे गेले. पैसा नसताना वाडा, पैसा जमला की माळावर इमारत, असा हा क्रम होता. शहर पेठांच्या बाहेर पसरले त्यात रेल्वे आणि लष्कराइतकाच कॉलेजांचाही वाटा आहे. कॉलेज माळावर गेले की मागोमाग प्राध्यापकांचे बंगले, वसतिगृहे, खानावळी आणि पुस्तकांची दुकाने तिकडे जात.

जुन्या वास्तूकडे पाहण्याची दुसरी दृष्टी आली ती कायद्यातून. लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०४ मध्ये, प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि पुरातत्त्व खात्याचे प्रमुख सर जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये जतनाची नियमपुस्तिका काढली. तिचा मुख्य आग्रह असा की, जे पडले ते नव्याने उभारू नये. जे उरले ते जसेच्या तसे सांभाळावे. इंग्लंडात मध्ययुगीन चर्चांची सरसकट डागडुजी करून त्यांचे रूपच पालटण्याचा सपाटा लागला होता, त्याविरुद्ध झालेल्या चळवळीतून हा विचार आला होता. तो चांगल्या हेतूचा होता आणि त्याने पुष्कळ लेणी, देवळे, किल्ले वाचवले. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला होता. पुढे ढिगारे उपसून त्याची जोती, कारंजी, हौद मोकळे केले गेले. आज तो दिसतो तो असा, तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि आत हिरवळीवर उघडी पडलेली जोती. या दृष्टीने त्याचे जतन उत्तम झाले. पण या दृष्टीत एक मोठी उणीव होती. जिथे माणसे राहतात, शिकतात, स्वयंपाक करतात अशा वास्तूला तिच्यात जागाच नव्हती. वास्तू एक तर प्राचीन आणि रिकामी, नाहीतर आजची आणि कोणाच्या तरी मालकीची. वाडे या दोहोंच्या मध्ये पडले.

त्यांची हलाखी १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर वाढली. भाडेकरूंना आधार देणारा हा कायदा त्या काळात गरजेचा होता, यात शंका नाही. पण भाडी गोठली आणि वाड्याची डागडुजी मालकाला परवडेनाशी झाली. वारसांत वाटण्या होत गेल्या, एका चौकाचे चार धनी झाले, पडवीत भिंती उभ्या राहिल्या. त्यातच १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. पुराचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले आणि ज्या वाड्यांच्या वरच्या भिंती पांढऱ्या मातीच्या होत्या, ते पाण्यात बसले. पूरग्रस्तांसाठी शहराबाहेर नव्या वसाहती झाल्या. जुने घर म्हणजे धोक्याचे घर, ही समजूत या एका दिवसाने पुण्याच्या मनात पक्की केली. नंतरच्या काळात फ्लॅटची मालकी कायद्याने सोपी झाली, आणि वाडा पाडून चार मजली इमारत, तळाला दुकाने, हाच शहाणपणाचा व्यवहार ठरला. त्या कुटुंबांना दोष देता येणार नाही. गळक्या छपराखाली, सामाईक संडासाच्या रांगेत राहणाऱ्याला वारशाचे कौतुक सांगणे हा त्याच्यावर अन्यायच होय.

शहर वाढले त्यात विद्यार्थ्यांचाही मोठा वाटा होता. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि गणेशखिंडीतले गव्हर्नरचे घर त्याची मुख्य इमारत बनले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा सोहळा आटोपून प्लेग अधिकारी रँड १८९७ मध्ये याच घरातून परतत होता, तेव्हा वाटेत चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. त्याच छताखाली स्वतंत्र देशाच्या विद्यापीठाचा कारभार सुरू व्हावा, याला अर्थ आहे. पुढे १९८३ मध्ये राज्य सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि कोथरूड, धनकवडीकडे कॉलेजांच्या इमारती झपाट्याने उठल्या. विद्यार्थ्यांच्या मानाने वसतिगृहे कधीच पुरी पडली नाहीत. मग पेठेतल्या उरलेल्या वाड्यांत कॉट बेसिसचा काळ आला. माजघरात प्लायवूडची आडभिंत घालून चार खाटा, चौकाच्या कोपऱ्यात विटांचे न्हाणीघर, कडीपाटाच्या छताला खिळे ठोकून ओढलेल्या विजेच्या तारा. वाड्याला उत्पन्न मिळाले, पण त्याची काळजी घेणारे कोणी राहिले नाही.

जतनाचा तिसरा विचार विसाव्या शतकाच्या शेवटी रुजला. इन्टॅक ही वारसा जतनाची संस्था १९८४ मध्ये स्थापन झाली, मुंबईसाठी वारसा नियमावली १९९५ मध्ये आली आणि पुण्यातही वास्तूंच्या याद्या, श्रेणी, महापालिकेचा हेरिटेज कक्ष अशी घडी बसू लागली. प्राचीन नसलेली, वापरात असलेली आणि खाजगी मालकीची वास्तूही शहराची ठेव असू शकते, हे प्रथमच कागदावर आले. विश्रामबागवाड्याचे काम हा त्याचा पुण्यातला चांगला नमुना. १८७९ च्या आगीत या वाड्याचा बराच भाग जळाला होता. लोकवर्गणीतून तो दुरुस्त झाला, काही दशके त्यात नगरपालिकेचा कारभारही चालला. महापालिकेने टप्प्याटप्प्याने त्याचे जतन हाती घेतले तेव्हा रस्त्याकडेचा लाकडी दर्शनी भाग, सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, केळफुलांची नक्षी, पुन्हा उजळले.

असे काम करताना खरी परीक्षा असते ती चुन्याची. वाड्याची भिंत विटा, माती आणि चुन्याची असते; ती ओलावा घेते आणि सोडतेही. दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की पाणी आत कोंडते. वर्षा-दोन वर्षांत विटांना लोणा लागतो, पोपडे सुटतात, आणि भिंतीत घुसवलेली तुळयांची टोके आतल्या आत कुजतात. वरून भिंत गुळगुळीत दिसते आणि घर पोखरत जाते. उलट चुन्याचे काम वेळखाऊ असते. चुनकळी पाण्यात फोडायची, ती मुरू द्यायची, वाळू घालून चुन्याच्या घाण्यात मळायची, गूळ आणि बेलफळाचे पाणी मिसळायचे, पातळ थर देऊन तो ओला ठेवत सुकू द्यायचा. हे जाणणारे गवंडी आता थोडे उरले आहेत, आणि कमी दराच्या निविदेत त्यांना जागा मिळत नाही. पुष्कळ वास्तूंचे नुकसान दुर्लक्षाने जेवढे केले नाही, तेवढे अशा घाईच्या दुरुस्तीने केले आहे.

कायद्याचा हेतू चांगला असूनही परिणाम उलटा होऊ शकतो, याचा धडाही पुण्याला मिळाला. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण, अशी तरतूद २०१० मध्ये कडक झाली. शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या घरांना ती लागू पडली. पुन्हा बांधायचे तर मनाई, दुरुस्तीसाठी दिल्लीच्या प्राधिकरणाकडे अर्ज, आणि तोवर पावसाळा दारात. एका रिकाम्या स्मारकाची अदब राखण्यासाठी त्याच्या शेजारची राहती घरे खचत राहिली.

याच्या अगदी उलट टोकाला भिडे वाडा आहे. तिथे स्मारक व्हावे ही मागणी अनेक वर्षांची. जागेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०२३ मध्ये तो निकाली निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महापालिकेने मोडकळीला आलेला वाडा पाडून स्मारकासाठी जागा मोकळी केली. सावित्रीबाईंचे भव्य स्मारक व्हायलाच हवे. पण ज्या खोल्यांत मुलींनी पहिली अक्षरे गिरवली त्या वास्तूची निगा १७५ वर्षांत कोणीच घेतली नाही, आणि शेवटी आठवण ठेवण्यासाठी ती पाडावी लागली, ही विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहराची फार मोठी हानी आहे. डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर शिकले, ती इमारत आजही उभी आहे. कारण १९३४ मध्ये बंद पडलेली ती संस्था १९३९ मध्ये संशोधनासाठी पुन्हा उघडली आणि तिच्या खोल्यांत भाषा आणि पुरातत्त्वाचे काम सुरू राहिले. भिडे वाड्यातून शाळा गेली आणि परत आली नाही. दोन वास्तूंच्या नशिबातला फरक मुख्यतः एवढाच.

नव्या बांधकामालाही हा सगळा अनुभव लागू होतो. विद्यापीठाच्या आवारात १९८८ मध्ये आयुका ही खगोलविज्ञानाची संशोधन संस्था स्थापन झाली, जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. तिच्या इमारतींचा आराखडा चार्ल्स कोरिया यांनी केला. मधोमध पायऱ्यांचा कुंड, भोवती कामाच्या जागा, काळ्या दगडाच्या भिंती, उन्हापासून सावलीकडे नेणाऱ्या वाटा. इमारत कुठल्याच जुन्या वाड्याची नक्कल करत नाही, तरी पुण्याचा चौक, पुण्याचा दगड आणि पुण्याचे हवामान तिला ठाऊक आहे. ओसरीवर बसून बोलण्यासारख्या जागा तिथे आहेत, आणि संशोधन संस्थेत त्या लागतातच. त्यानंतर शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या अनेक खाजगी संकुलांत काचेच्या भिंती, त्यांमागे दिवसभर चालणारी वातानुकूलन यंत्रे आणि बसायला कॅन्टीनखेरीज दुसरी जागा नाही. दीडशे वर्षांनी त्यांतली कोणती इमारत दुरुस्त करण्याजोगी राहील, याचा विचार बांधतानाच व्हायला हवा होता.

या शहरात जतनाचा प्रश्न पैशापेक्षा लक्ष देण्याचा जास्त आहे. दर पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे, पन्हळी साफ करणे, वाळवी पाहणे, चुन्याचा हात फिरवणे या कामांना थोडा आणि नेमाने खर्च येतो. तो टाळला की वीस वर्षांनी मोठ्या प्रकल्पाची वेळ येते, आणि प्रकल्प मंजूर होईपर्यंत भिंत पडलेली असते. कॉलेजांनी प्रयोगशाळेसाठी ठेवतात तसा आपल्या जुन्या इमारतीच्या निगेसाठी दरवर्षी वेगळा पैसा ठेवावा. पुण्यात वास्तुकलेची अनेक महाविद्यालये आहेत. पेठेतला कोणताही वाडा पाडायला परवानगी देण्यापूर्वी त्याची मोजणी, नकाशे आणि छायाचित्रे या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांकडून करून घेणे महापालिकेने बंधनकारक करावे. नकाशा हाती असला तर पाडण्यापूर्वी निदान एकदा तरी विचार होईल, आणि वाडा वाचलाच नाही तरी तो कसा होता हे पुढच्या विद्यार्थ्याला कळेल.