अंधुक परंतु खरी साक्ष

(मननासाठी शास्त्रभाग : योहान 9:24-34, लूक 1:1-4, 1 करिंथ 13:12)



ज्या जन्मांधास प्रभू येशूने दृष्टी दिली, त्याला परुशी लोकांनी दुसऱ्यांदा बोलावून आणिले, तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे मोठमोठे प्रश्न टाकिले. तो मनुष्य निरपराध व अशिक्षित होता, आणि समोर बसलेले सर्व शास्त्री होते. तथापि त्याने विद्वत्तेचा आव आणिला नाही. जे त्यास ठाऊक नव्हते ते ठाऊक नाही असे त्याने उघड सांगितले. आणि जे त्याच्या स्वतःच्या डोळ्यांवर घडले होते, तेवढे मात्र त्याने कोणाच्याही भीतीने सोडिले नाही. त्याची साक्ष फार लहान होती, परंतु ती खरी होती, म्हणून त्या सभेला ती मोडिता आली नाही. त्यांनी त्या माणसाला बाहेर घालविले, पण त्याची साक्ष तशीच उभी राहिली.

ह्या शास्त्रभागाचा विचार आज आम्ही एका नित्याच्या वस्तूवरून करू इच्छितो. हल्ली आपल्या खेड्यांतील बहुतेक घरी फोन आला आहे, आणि संध्याकाळची प्रार्थना आटोपली म्हणजे मंदिराच्या अंगणात तरुण मंडळी चंद्राचे व ताऱ्यांचे फोटो काढिताना दिसतात. कित्येक वडीलधाऱ्यांस हा पोरखेळ वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. आकाश देवाचा महिमा वर्णिते असे स्तोत्रकर्ता शिकवितो. मग त्या आकाशाकडे कोणी लक्ष लावून पाहत असेल, तर त्यास आम्ही का अडवावे? उलट, ह्या फोटोंपासून साक्ष देणाऱ्याने शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की हे काम सोपे नाही. चंद्र आपल्यापासून सरासरी 3,84,400 किलोमीटर दूर आहे, आणि आकाशात तो केवळ अर्ध्या अंशाएवढा दिसतो. फोनचे साधे भिंग इतके लहान असते की त्यातून आत पडणारे चंद्राचे बिंब मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या हिश्शाएवढे भरते. एवढ्याशा जागेत डोंगर व खळगे कसे उमटावेत? त्यात आणखी एक अडचण अशी की, भोवतालचा काळोख पाहून फोन अधिक प्रकाश घेऊ लागतो, आणि सूर्याच्या उजेडात न्हालेला चंद्र म्हणजे नुसता पांढरा गोळा होऊन बसतो. म्हणून जाणते लोक पडद्यावर चंद्रालाच बोट लावितात व उजेड कमी करितात. पौर्णिमेपेक्षा अष्टमीच्या सुमारास फोटो चांगला येतो, कारण उजेड व अंधार जेथे मिळतात तेथे डोंगरांच्या सावल्या लांब पडतात आणि उंचसखलपणा कळून येतो. घरी दुर्बीण असल्यास तिच्या भिंगाला फोन टेकवून पाहावे. तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

ताऱ्यांची गोष्ट उलटी आहे. तेथे प्रकाश अतिशय थोडा असतो, आणि तो धीराने गोळा करावा लागतो. 1850 साली अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत बाँड व व्हिपल ह्यांनी अभिजित ताऱ्याचा फोटो घेतला. सूर्याखेरीज अन्य कोणत्याही ताऱ्याचा तो पहिलाच फोटो. त्यासाठी पत्रा सुमारे शंभर सेकंद उघडा ठेवावा लागला. पुढे 1880 साली हेन्री ड्रेपर ह्याने मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा फोटो प्रथम घेतला, त्यास 51 मिनिटे लागली. आज फोन ते काम थोडक्यात करितो खरे, परंतु नियम तोच आहे. फोन हातात धरिला तर तारा पुसट होतो; दगडावर किंवा तिकाटण्यावर स्थिर ठेविला, आणि बोटाचा धक्का लागू नये म्हणून तीन सेकंदांनी आपोआप उघडेल असे केले, तर कृत्तिकांचा झुबका स्पष्ट उमटतो. डोळ्यांस जेथे सहा तारे दिसतात, तेथे फोनमध्ये बरेच अधिक दिसू लागतात. ह्याच कृत्तिका व हाच मृग ह्यांविषयी परमेश्वराने ईयोबास विचारिले होते.

आणि ह्या बाबतीत खेड्यातील लोक शहरातील लोकांहून भाग्यवान आहेत. शहराच्या दिव्यांनी आकाश धुऊन टाकिले आहे. 2024 च्या जानेवारीत आपल्या महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पास भारतातील पहिले अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे काळोख ही देखील जपून ठेवण्याची संपत्ती आहे असे जगाला आता कळू लागले आहे. ज्या गावी विजेचे दिवे थोडे आहेत, त्या गावी देवयानीची दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखी दिसते, आणि स्थिर ठेविलेल्या फोनातही उमटते. तिचा प्रकाश सुमारे 25 लाख वर्षे प्रवास करून आपल्या अंगणात उतरतो. जो प्रकाश इतका चालून आला, त्याच्यासाठी आपण दोन मिनिटे स्तब्ध राहू नये काय?

आता दुसरी गोष्ट पाहू. पृथ्वी फिरत असल्यामुळे तारे एका तासात पंधरा अंश सरकतात. फोन फार वेळ उघडा ठेविला तर तारा ठिपका न राहता रेघ होतो. म्हणून 2019 साली गूगलने आपल्या पिक्सेल फोनमध्ये अशी योजना केली की, एकच लांब फोटो न घेता सोळा सोळा सेकंदांपर्यंतचे पंधरा फोटो घ्यावयाचे, आणि तारे जुळवून ते एकावर एक ठेवावयाचे. ह्यात मोठे शहाणपण आहे. अंधारात यंत्राच्या आतच खोटे ठिपके उत्पन्न होतात. परंतु त्यांतील बहुतेक ठिपके एका फोटोत एका जागी, तर दुसऱ्या फोटोत दुसऱ्याच जागी पडतात. खरा तारा मात्र पंधराही फोटोंत आपल्या ठिकाणी असतो. सर्व एकत्र केले म्हणजे खोटे एकमेकांस खोडून टाकितात आणि खरे दृढ होते. दोघांच्या किंवा तिघांच्या तोंडून गोष्ट शाबीत व्हावी असे मोशेच्या नियमशास्त्रात सांगितले आहे, त्याचे मर्म हेच. चार शुभवर्तमाने देवाने दिली तीही ह्याच रीतीने आपला विश्वास दृढ करितात. आणि मंडळीत आपण एकत्र जमतो ते कशासाठी? एकट्याच्या मनात भीतीचे, रागाचे, कल्पनेचे पुष्कळ ठिपके उठतात. परंतु दहा भावांनी व बहिणींनी देवाच्या कृपेविषयी आपापला अनुभव प्रामाणिकपणे सांगितला, म्हणजे जे सर्वांमध्ये सारखे आहे ते उजळून निघते. म्हणून कोणीही आपली साक्ष लहान म्हणून लपवू नये. तुझा एक फिकट फोटोही ह्या कामी लागतो.

परंतु तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही हा विषय घेतला. एका गावी उपासना झाल्यावर एका मुलाने आपल्या आजीस फोनवर नुकताच काढिलेला चंद्र दाखविला. त्यात चंद्रावरील खळगे न् खळगे दिसत होते. आजीबाईने एकदा फोनकडे व एकदा आकाशाकडे पाहून विचारिले, “बाळा, हे एवढे सगळे ह्या फोनाला इथून दिसलं का रे?” मुलाला उत्तर देता येईना, तेव्हा ती आमच्याकडे वळून म्हणाली, “पाळकसाहेब, तुम्ही तरी सांगा.”

आजीबाईचा प्रश्न योग्य होता, आणि तोच प्रश्न 2023 च्या मार्च महिन्यात साऱ्या जगात चर्चिला गेला. एका मनुष्याने चंद्राचे एक चित्र घेतले, ते फार लहान केले, मुद्दाम अस्पष्ट केले, आणि संगणकाच्या पडद्यावर लाविले. खोलीतील दिवे मालवून त्याने दूर उभे राहून सॅमसंग कंपनीच्या फोनने त्याचा फोटो काढिला. पडद्यावर खळग्यांचा मागमूसही नव्हता, तरी फोटोत खळगे व डाग उमटले! त्यानंतर कंपनीने आपली रीत जाहीरपणे समजावून सांगितली. ती अशी की, फोन अनेक फोटो एकत्र करितो हे तर खरेच. परंतु त्यास चंद्राची पुष्कळ चित्रे दाखवून शिकविलेले असते, म्हणून समोर चंद्र आहे असे ओळखताच तो त्यातील बारकावे उठावदार करितो. वापरणाऱ्यास ही सोय बंदही करिता येते. चंद्र आपले एकच तोंड नेहमी पृथ्वीकडे ठेवितो, त्यामुळे अशी शिकवण त्याच्या बाबतीत चांगली चालते.

बंधुभगिनींनो, येथे कोणास दोष द्यावा हा आमचा हेतू नाही. घरात लावण्यास सुंदर चित्र हवे असेल तर त्यात काही पाप नाही. परंतु अशा फोटोविषयी “हे मी आज रात्री पाहिले” असे म्हणणे पुरते खरे नव्हे. काही पाहिलेले आहे, काही शिकविलेले आहे. आणि कोठे पाहिलेले संपते व शिकविलेले सुरू होते, हे फोटोवरून कळत नाही. धोका तेथे आहे.

हाच धोका आम्हां पाळकांस, उपदेशकांस व साक्ष देणाऱ्या सर्वांस आहे. आपण लहानपणापासून सुंदर साक्षी ऐकिल्या आहेत. प्रार्थनेने अमक्याचा ताप उतरला, तमक्याचे दारूचे व्यसन एका रात्रीत सुटले, हे सर्व आपल्या स्मरणात साठविलेले आहे. मग मंडळीपुढे उभे राहिलो आणि आपला अनुभव फिकट वाटला, म्हणजे त्या साठ्यातून खळगे व डाग आणून भरण्याचा मोह होतो. आजारी माणूस हळूहळू, औषधाने व प्रार्थनेने बरा झाला असता, तो तत्काळ बरा झाला असे आपण सांगतो. उपासनेस बारा जण आले असता वर्षाच्या वृत्तांतात वीस लिहितो. आणि फोनवर कोणी आकाशात क्रूस उमटल्याचे चित्र पाठविले, तर ते कोणी, कोठे, केव्हा काढिले ह्याची चौकशी न करिता सबंध गावाला पाठवितो. ऐकणारे प्रसन्न होतात. परंतु शेजारच्या घरातील जो मनुष्य त्या आजाऱ्यास रोज औषध आणून देत होता, त्याला खरे ठाऊक असते. एकदा त्याने आपणांस खोटे ठरविले, म्हणजे पुढे आपण सुळावर दिलेल्या व उठविलेल्या प्रभूविषयी बोलू लागलो तरी तो मान हलवितो. देवाला आपल्या असत्याची मदत नको आहे. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा, देवाच्या बाजूने बोलणाऱ्यासही लागू आहे.

कोणी म्हणेल, “मग आम्ही जे स्वतः पाहिले नाही ते मुळीच सांगू नये काय?” असे नव्हे. लूकाकडे पाहा. त्याने शुभवर्तमान लिहिले, परंतु आरंभीच तो कबूल करितो की, जे प्रारंभापासून प्रत्यक्ष पाहणारे होते त्यांच्यापासून हे आले आहे, आणि आपण सर्व गोष्टींचा नीट शोध केला आहे. दुसऱ्याचे डोळे त्याने आपले म्हणून दाखविले नाहीत, म्हणूनच त्याच्या लेखावर आपण भरवसा ठेवितो. उपदेशकाची खरी वाट ही आहे. जे शास्त्रातून शिकला ते शास्त्रातून शिकलो असे सांगावे. जे वडिलांकडून ऐकिले ते ऐकिले असे सांगावे. आणि जे आपल्या जीवनात घडले ते, लहान असले तरी, आपले म्हणून सांगावे.

आणखी एक गोष्ट. ज्याचे सर्व काही आठवणीतून भरिले जाते, त्याला नवे काही दिसत नाही. शिकविलेला चंद्र दर महिन्यास तोच. परंतु यिर्मयाच्या काळी यरुशलेम उद्ध्वस्त झाले असता, देवाची दया रोज सकाळी नवी होते असे विलापगीतात सांगितले आहे. आपण जुन्या साक्षींनीच आपला दिवस भरून काढिला, तर आज देव आपल्या घरी काय करीत आहे हे पाहावयास आपण विसरू.

म्हणून आमची विनंती अशी. ह्या आठवड्यात एका निरभ्र रात्री फोन दगडावर स्थिर ठेवा आणि मुलांबरोबर कृत्तिकांचा किंवा चंद्राचा फोटो काढा. चंद्राचा काढिताना ती भरण्याची सोय बंद करा. फोटो कदाचित फिकट येईल. मुलांस सांगा की हा फिकट आहे, पण हा प्रकाश खरोखर तेथून निघून येथवर आला. मग पुढच्या रविवारी प्रत्येकाने आपली साक्षही तशीच द्यावी. विधवेने म्हणावे, “माझे दुःख गेले नाही, पण ह्या आठवड्यात मला एकटे वाटले नाही.” तरुणाने म्हणावे, “माझा मोह सुटला नाही, पण मी दोन दिवस टिकलो.” अशा साक्षीने मंडळी लाजणार नाही, तर दृढ होईल.

प्रेषित पौलानेही करिंथकरांस हेच शिकविले की, ह्या जगात आपले पाहणे आरशातल्यासारखे अंधुक आहे, आणि समोरासमोर पाहण्याचा दिवस पुढे आहे. ज्याला तिसऱ्या स्वर्गापर्यंतचे दर्शन झाले होते, त्याने अंधुक दिसण्याची लाज धरिली नाही. मग आपण का धरावी? तो दिवस येईल तेव्हा आपण भरलेले चित्र प्रभूपुढे नेऊन काय करणार? तेथे सर्व उजेडात येईल. परंतु जे थोडके खरोखर पाहिले व खरेपणाने सांगितले, ते त्या उजेडातही टिकेल.

हे प्रभू, आमच्या डोळ्यांस पाहण्याचा धीर दे, आणि आमच्या जिभेस पाहिले तेवढेच बोलण्याचे धैर्य दे. आमेन.