त्रसरेणूंची खिडकी

बराकपूरला हुगळीच्या काठी असलेल्या आमच्या जुन्या घराच्या पश्चिमेकडील चार खिडक्या गेल्या फाल्गुनात बदलाव्या लागल्या. ब्रह्मदेशी सागाच्या, फिरत्या पट्ट्यांच्या त्या हिरव्या झडपांना इकडे ‘खडखडी’ म्हणतात, आणि कालबैशाखीच्या वादळात त्या रात्रभर स्वतःचे नाव उच्चारीत असत. परंतु वाळवीने चौकटी इतक्या पोखरल्या होत्या की, मिस्त्रीने पटाशी लावताच लाकडाऐवजी माती गळू लागली आणि ॲल्युमिनियमची सरकती तावदाने बसविण्यावाचून गत्यंतर उरले नाही. या खिडक्यांतून पैलतीरीचे श्रीरामपूर दिसते, आणि विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली तेथेच छापले गेले, पंडित वैजनाथांनी त्याला साह्य केले, ही हकीकत मी प्रत्येक मराठी पाहुण्याला ऐकवतो. पाहुणा सभ्यपणे नदीकडे पाहतो आणि चहा मागतो.

काम आटोपल्यावर मनात आले, हे घर तेच काय? नगरपालिकेच्या दप्तरी मिळकत तीच, खातेदार तोच आणि कराची मागणीही पूर्वीइतकीच वक्तशीर. वैशेषिकांचे मत मात्र निराळे. अवयवी हा अवयवांहून भिन्न पदार्थ असल्यामुळे एक अवयव निघाला, की संयोग तुटून जुना अवयवी नष्ट होतो, व उरलेल्या अवयवांतून दुसराच उपजतो. नवा अवयव जोडला तरी तीच गत. म्हणजे चार खिडक्या काढताना चारदा आणि बसविताना चारदा, असे आठ वेळा माझे घर दोन दिवसांत नाश पावले, आणि त्या अवधीत मी आत बसून वर्तमानपत्र वाचीत होतो! मिलिंदाला रथाचा दृष्टान्त देणारा नागसेन तर म्हणेल, की ‘घर’ हे मुळी व्यवहारापुरते नाव. पुरीच्या नवकलेवरात मूर्तीचे सारे काष्ठ बदलते, तरी डोळ्यांवर पट्टी बांधलेला दैतापती जुन्या विग्रहातील ब्रह्मपदार्थ नव्यात ठेवतो, आणि जगन्नाथ तोच राहतो. माझ्या घरात असे हलविण्याजोगे काय होते, ते मी पुष्कळ शोधले.

ते खिडक्यांत नव्हतेच. खिडक्यांतून येणाऱ्या उन्हात होते. चार वाजले, की पट्ट्यांच्या फटींतून उतरत्या सूर्याचे किरण अंधाऱ्या खोलीत तिरपे शिरत आणि त्यांत धूलिकण तरंगत. मनूने सोन्यारुप्याच्या मापांचा आरंभ याच कणापासून, त्रसरेणूपासून, केला. सहा परमाणू मिळून तो होतो, असे नैयायिकांनी ठरविले. आणि याच नदीच्या वरच्या काठी, नवद्वीपात, रघुनाथ शिरोमणीने सोळाव्या शतकात परंपरेलाच आव्हान देऊन, परमाणूला प्रमाण नाही, त्रसरेणूपाशीच विभाग थांबतो, असे प्रतिपादिले. इतक्या मोठ्या वादाचा एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार म्हणजे खिडकीतली धूळ! नव्या तावदानातून ऊन भरपूर येते. कण एकही दिसत नाही. खोली आता इतकी उजळते, की कणाला उठून दिसायला अंधार उरत नाही. ज्ञानाचे द्वार म्हणून आपण नेहमी झरोक्याचा गौरव करतो. प्रकाश अडविणाऱ्या पट्टीचे त्यात निम्मे श्रेय आहे, हे ती पट्टी गेल्यावर मला उमगले. अवयवीच्या नाशाबद्दल वैशेषिकांशी भांडण्याचा माझा उत्साह तेथेच ओसरला.

न पोखरलेल्या दोन झडपा मिस्त्रीने मागून नेल्या व नैहाटीच्या कुठल्याशा घरी बसविल्या. ती भिंत पश्चिमेची आहे काय, हे त्याला विचारायचे राहून गेले.