खिडकी बंद

वेळेवर येणारी माणसं मला लहानपणापासून आवडत नाहीत. त्यांच्याशी माझं वैर नाही. पण मुहूर्त बारा बत्तीसचा असताना बारालाच अक्षता मुठीत धरून बसलेला गृहस्थ पाहिला, की आपण काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटतं. वास्तविक जळगावचं ऊन पाहता भर दुपारी कुठंही वेळेवर पोचणं हेच मुळी माणुसकीला सोडून आहे. माझ्या उशिराबद्दल मी आजवर ऊन, एस.टी., गुडघा आणि आमचे शेजारी अशी चार कारणं आळीपाळीनं देत आलो. पाचवं कारण मात्र खास प्रसंगासाठी राखून ठेवलेलं: काम चांगलं व्हायचं तर वेळ हा लागायचाच.

हे माझं राखीव कारण परवा धुळ्याला, देवपुरात अक्काच्या घरी, माझ्या भाच्याच्या तोंडून ऐकलं आणि ऊर भरून आला. घराण्याचे गुण कुठं जात नाहीत!

भाचा संगणकातला. दिवसा एका कंपनीचं काम करतो आणि रात्री फुकटचं. ह्या फुकटच्या कामाला ओपन सोर्स म्हणतात. जगभरचे हजारो लोक मिळून एक प्रोग्रॅम लिहितात. तो कुणीही उघडून वाचावा, सुधारावा आणि सुधारणा परत पाठवावी. आपल्याकडे सप्ताहाच्या भंडाऱ्याला कुणी डाळ आणतो, कुणी वांगी आणतो, कुणी नुसताच ढवळायला येतो, तसला प्रकार. फरक इतकाच, की इथं वांगी आणणाऱ्याला आधी दोन प्रश्न विचारतात. किडकी नाहीत ना? आणि, किती वाजता आणलीस?

तर ह्यानं तीन आठवडे जागून एक सुधारणा लिहिली आणि दोन दिवस उशिरा पाठवली. उत्तर आलं, काम बरं आहे, पुढच्या खेपेला घेऊ.

"बरं आहे म्हणतात, मामा! म्हणजे चूक तर काढता येत नाही. मग घ्यायला ह्यांचं जातं काय?"

"काही जात नाही," मी म्हणालो. अनुभवाचे बोल होते.

"म्हणे विंडो बंद झाली."

मी खिडकीकडे पाहिलं. उघडी होती. मग शेवभाजीची वाटी बाजूला सारून त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. अशा कामांतलं सगळ्यांत मोठं म्हणजे लिनक्सचं कर्नल. १९९१ साली लायनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्यानं ते सुरू केलं. आज आपल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटातही तेच आहे. दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते. पहिले दोन आठवडे खिडकी उघडी: ज्याचं जे नवं असेल ते द्या. बरं, खिडकी उघडल्यावर लिहायला बसायचं नाही, एस.टी. स्टँडवर कसे सुटे पैसे आधी हातात काढून रांगेत उभं राहायचं, तसं तयार करून आणायचं. मग खिडकी बंद. पुढचे सात-आठ आठवडे नवं काही नाही, फक्त दुरुस्त्या. दर रविवारी एक कच्ची प्रत बाहेर पडते आणि जगभरचे लोक ती वापरून काय मोडतंय ते पाहतात.

"रविवारचं कौतुक धुळ्यात बसून आम्हांला सांगू नकोस," मी म्हणालो. इथल्याच तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत विनोबांनी दर रविवारी गीतेचा एक एक अध्याय सांगितला आणि साने गुरुजींनी तो उतरून घेतला. अठरा रविवार, अठरा अध्याय. एकही रविवार चुकला नाही. अर्थात श्रोत्यांना उशिरा येण्याची सोय नव्हती, हेही खरं.

भाच्यानं मग आपल्या बाजूचा मोठा साक्षीदार काढला. केंट ओव्हरस्ट्रीट नावाचा एक अमेरिकन प्रोग्रॅमर. ह्यानं बीकॅशएफएस नावाची फाइल सिस्टिम लिहिली. फाइल सिस्टिम म्हणजे आपला मजकूर डिस्कवर कुठं ठेवलाय त्याची दप्तरदारी. दप्तर गेलं की जमीन असून सातबारा नाही अशी गत. वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर २०२४ च्या जानेवारीत निघालेल्या ६.७ आवृत्तीत ती कर्नलमध्ये आली. आणि त्याच वर्षी भांडण लागलं. खिडकी बंद झाल्यावरही ह्याची मोठमोठी गाठोडी येत. ऑगस्टमध्ये टोरवाल्ड्सनं चारचौघांत सांगितलं, की ही फाइल सिस्टिम घेतल्याचा आता पश्चात्ताप होतोय. २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा तेच. दुरुस्त्यांचे दिवस चालू असताना ह्यानं एक नवी सोय पाठवली. बिघडलेल्या डिस्कवरचा गेलेला मजकूर तिनं परत मिळवता येतो. ओव्हरस्ट्रीटचं म्हणणं, लोकांचा मजकूर आज जातोय, त्यांना पुढच्या खेपेला या म्हणून कसं सांगू? टोरवाल्ड्सनं ते गाठोडं घेतलं, पण पुढच्या खिडकीला आपली फारकत होईल असंही बजावलं. तशी ती झाली. ६.१७ मध्ये ह्याचं नवीन काही घेतलं नाही आणि ६.१८ मधून सगळा कोडच काढून टाकला. आता ज्याला हवी त्यानं ती बाहेरून जोडून घ्यायची.

मी अर्थातच ओव्हरस्ट्रीटच्या बाजूचा. दवाखान्यात डॉक्टर पेशंटला वेळ संपली म्हणतो का? (म्हणतो. पण म्हणू नये.) भाच्यालाही तेच हवं होतं. पण तो अडचण लपवणारा नाही. तो म्हणाला, "पेशंटला औषध रात्री दोनलाही द्यावं, मामा. दवाखान्यावर नवा मजला रात्री दोनला चढवू नये. भांडण एवढंच, की हे औषध होतं का मजला."

पोराला धीर द्यावा म्हणून मी माझी जुनी गोष्ट काढली. १९८३ साल असावं. एका दिवाळी अंकाला माझा लेख हवा होता. मी तो गणपतीत देणार होतो, तो दसऱ्यानंतर दिला. संपादक चिडले, वाचला, हसले, आणि लेख छापला! "तेव्हा चांगल्या मालाला खिडकी नसते, बेटा," असा समारोपही मी केला.

भाचा भाकरी मोडता मोडता थांबला. "अंकाची पानं वाढवली का मग?"

"छे. जाहिरातींचं सगळं आधीच ठरलेलं असतं."

"मग तुमची पानं आली कुठून?"

इंजिनिअर लोकांचं हे असं असतं. चांगली गोष्ट चाललेली असते, त्यात पानं मोजतात.

पानं कुठून आली हे मला माहीत होतं. पाच-सहा वर्षांनी पारोळ्याला एका लग्नात कळलं होतं. शिरपूर तालुक्यातल्या एका शाळेवरचे मास्तर शेजारी बसले होते. मुहूर्ताच्या अर्धा तास आधी आलेले. माझं नाव कळल्यावर आनंदले. म्हणाले, तुमचा तो लेख फार छान होता, सर. मग सहज म्हणाले, त्या अंकात माझाही येणार होता. श्रावणातच पाठवला होता. जुळवून झाला होता, प्रूफंसुद्धा तपासून दिली होती. पण ऐनवेळी एक महत्त्वाचा लेख आला म्हणून संपादकांना काढावा लागला. प्रेसवाल्यानं जुळवलेले खिळे पुन्हा खणात टाकले. मास्तरांनी अंकाच्या पाच प्रती आधीच मागवल्या होत्या, वाटायला. त्यांच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती. पुढच्या वर्षी त्यांनी लेख पाठवला नाही.

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की उशीर करणाऱ्याला उशिराची किंमत दिसतच नाही, कारण ती तो देत नसतो. माझे एक काका सावदा स्टेशनवर दिल्लीच्या वॅगनी भरून घेत. केळीनं भरलेली एखादी गाडी शेवटच्या क्षणी धावत आली, तर ते घड वर रचावे लागत. काका सांगत, उशिरा आलेला घड दिल्लीला ठणठणीत पोचतो. काळा पडतो तो सकाळी नीट रचलेला, खालचा. आणि दिल्लीचा व्यापारी खोट काढतो ती खालच्याचीच.

संपादकांचं चुकलं असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. वाचकांना माझा लेख आवडला. वाचकांच्या बाजूनं पाहिलं तर चांगलंच झालं. इथंच मी अडकतो, आणि तेव्हापासून अडकलेलाच आहे.

मी हे सगळं भाच्याला सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पूर्वी आमच्यातही तसंच होतं. २.४ आवृत्ती २००१ च्या जानेवारीत निघाली आणि २.६ उजाडायला २००३ चा डिसेंबर. गाडी चुकली तर तीन वर्षं थांबा. मग जो तो लोंबकळत शिरायचा. २००५ पासून ही खिडकी आली. आता चुकली तर नऊ आठवडे." थोडं थांबून म्हणाला, "पण माझं काम खरंच चांगलं आहे, मामा."

"माझा लेखही चांगला होता."

"मास्तरांना तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, हल्ली अंक पूर्वीसारखे निघत नाहीत."

अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि नंतर पत्र नाही टाकलंस?"

गुडघा, ऊन, एस.टी.; एकही कारण वेळेवर सुचलं नाही. भाच्यानं लॅपटॉप उघडला. कुणा तिसऱ्याच माणसाचं खिडकीच्या आत आलेलं काम तो तपासू लागला. ह्या आठवड्यात तेवढंच करता येतं म्हणाला. मी अक्काला पोस्टकार्ड आहे का विचारलं. तिनं कपाटातले तीन खण शोधले. कार्ड निघालं, त्यावर पंधरा पैसे छापलेले होते, आणि जळगावची शेवटची गाडी तोवर सुटली होती.