हुतात्म्याची जबानी

वसाहतींतून सुटलेल्या देशांच्या साहित्यावर मी एक अभ्यासक्रम शिकवते. यंदाच्या यादीत केनियाचं एक नाटक आहे. न्गुगी वा थिओंगो आणि मिचेरे मुगो यांनी मिळून 1976 साली लिहिलेलं हे नाटक देदान किमाथी या माउ माउच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या सशस्त्र बंडाच्या, सेनानीच्या खटल्यावर आहे. माझी मावशी आयुष्यभर इतिहास शिकवत आली. यादी वाचून तिनं एवढंच विचारलं, "आणि खटल्याचे कागद? ते नाही देणार मुलांना?"

त्या कागदांची हकिकत अशी. ऑक्टोबर 1956 मध्ये न्येरीजवळ किमाथी गोळी लागून जखमी झाला आणि पकडला गेला. स्ट्रेचरवर आडवा, हातांत बेड्या, अंगावर बिबट्याच्या कातड्याचा अंगरखा, असा त्याचा फोटो सरकारनं मुद्दाम सगळीकडे पोचवला. महिनाभरात खटला उभा राहिला. आरोप बंडाचा नव्हता, खुनाचाही नव्हता. रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं बेकायदा बाळगल्याचा होता. आणीबाणीच्या कायद्याखाली तेवढ्याला फाशी होती, आणि 18 फेब्रुवारी 1957 रोजी कामिटीच्या तुरुंगात ती दिली गेली. खटल्याचं दप्तर पुढे कित्येक दशकं कोणाच्या हाती लागलं नाही. 2017 मध्ये ते पुस्तकरूपानं छापलं गेलं. म्हणजे नाटक लिहिणाऱ्यांसमोर ते नव्हतंच. नाटकातला किमाथी कोर्टाचा अधिकारच मानत नाही. कोठडीत आमिषं घेऊन एकामागून एक माणसं येतात, तो कोणालाच बधत नाही. दप्तरातला किमाथी मात्र गुन्हा नाकबूल करतो आणि सांगतो, की मी शरण यायलाच निघालो होतो.

"मावशी, हे कागद लिहिले कोणी ते बघ ना. ज्यांनी फासावर दिला त्यांनीच. तो बोलला आपल्या गिकुयू भाषेत, उतरवून घेतलं इंग्रजीत. पायात गोळी लागलेला माणूस जीव वाचवण्यासाठी बोलतोय. त्याला पुरावा म्हणायचं?"

"म्हणायचं. कोणत्या परिस्थितीत दिला, हेही सांगायचं. पण द्यायचाच."

"होलाच्या कैदी-छावणीचं काय मग? 3 मार्च 1959 ला तिथे अकरा कैद्यांना पहारेकऱ्यांनी मारून मारून ठार केलं, आणि सरकारी निवेदनात काय आलं? पाण्याच्या गाड्यावरचं पाणी पिऊन दगावले! तोही कागदच होता."

"होता. आणि खोटा होता, हे तुला कळलं कशावरून? चौकशी झाली, शवविच्छेदनाचे अहवाल आले म्हणून. अगं, कागदांची भीती आपल्यापेक्षा त्यांना जास्त होती. राज्य सोडताना 1961 मध्ये लंडनहून लेखी सूचना गेल्या, की सरकारला अडचणीत आणतील अशी कागदपत्रं नव्या सरकारच्या हाती लागू द्यायची नाहीत. काही जाळली, काही पेट्यांत भरून इंग्लंडला नेली. छावण्यांत छळ सोसलेल्या म्हाताऱ्या केनियन माणसांनी लंडनच्या कोर्टात दावा लावला होता, त्यापायी 2011 मध्ये ती पेट्यांतली दप्तरं बाहेर काढावी लागली. दोन वर्षांनी ब्रिटिश सरकारला 5,228 जणांची भरपाई मान्य करावी लागली. हे नाटकानं केलं नाही. कागदांनी केलं, आणि त्या म्हाताऱ्यांच्या साक्षीनं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. पण जे जाळलं ते तर गेलंच. तिथे कोणी लिहायचं, हा माझा प्रश्न तसाच उभा राहतो. न्गुगींचा एक सावत्र भाऊ बहिरा होता. सैनिकांनी थांब म्हणून पुकारलं, त्याला ऐकू आलं नाही, आणि पाठीत गोळी बसली. कोणत्या दप्तरात तो बहिरा म्हणून नोंदला जाणार? 1967 च्या 'अ ग्रेन ऑफ व्हीट' या कादंबरीत मात्र तो आहे, आणि नावही तेच, गिटोगो. मी हे सांगितलं तेव्हा मावशी बराच वेळ बोलली नाही.

मग म्हणाली, "ही कादंबरी मला मान्य आहे. नाटक नाही."

"का?"

"कादंबरीत मुगो नावाचं पात्र आहे. गाव त्याला वीर मानतं, स्वातंत्र्याच्या दिवशी बोलायला बोलावतं, आणि त्यानंच तर जंगलातल्या लढवय्याला पकडून दिलेलं असतं. भर सभेत तो ते कबूल करतो. तिशीही न गाठलेल्या लेखकानं माणूस दहशतीखाली कसा मोडतो ते लिहिलं आणि त्या माणसाला थारा दिला. मग नऊ वर्षांनी किमाथीला मोडायची मुभा का नाही दिली?"

मला वाटतं, कारण मधली नऊ वर्षं, आणि त्याआधीचीही. स्वतंत्र केनियाचे पहिले अध्यक्ष केन्याटा यांनी झालं गेलं विसरा म्हणून सांगितलं होतं. जंगलात लढलेल्यांच्या हाती जमीन आली नाही, इंग्रजांच्या बाजूनं राहिलेल्यांची घरं भरली. आपल्या गोव्याच्या मुळाचे स्वातंत्र्यसैनिक पियो गामा पिंटो इंग्रजांच्या कैदेतून जिवंत सुटले आणि फेब्रुवारी 1965 मध्ये स्वतंत्र नैरोबीत गोळ्या घालून मारले गेले. माउ माउवरची इंग्रजांच्या काळातली बंदी 2003 पर्यंत कायद्यात तशीच होती. ज्या सत्तेला किमाथी विसरायचा होता, तिच्या तोंडावर न वाकणारा किमाथी उभा करणं हे 1976 मध्ये धाडस होतं. पुढच्याच वर्षअखेरीस दुसऱ्या एका नाटकापायी न्गुगींना विनाचौकशी उचललं आणि ठेवलं तेही कामिटीतच.

मावशीनं हे सगळं शांतपणे ऐकलं. "धाडस होतंच. पण शरण यायला निघालो होतो म्हणणारा किमाथी तुला कमी वाटतो का गं? वर्षानुवर्षं जंगलात, सोबती मेलेले, कोर्टासमोर एकटा. तो जगायला बघतो. ज्या देशाला फक्त न डगमगणारेच हुतात्मे चालतात, तो छावण्यांतून मोडून परत आलेल्या हजारो माणसांना काय तोंडानं आपलं म्हणणार?"

नाटकाच्या बाजूनं मी जे जे म्हटलं होतं, त्यातलं काहीच या प्रश्नाला पुरत नाही. न्गुगींवर माझं प्रेम आहे, तरी मला म्हणावं लागतं की त्यांची कादंबरी त्यांच्या नाटकापेक्षा निधडी होती. नाटकानं सत्तेला आव्हान दिलं. कादंबरीनं आपल्याच माणसांकडे बघायचं धैर्य केलं, आणि तेही स्वातंत्र्य अगदी कोवळं असताना.

"आणखी एक," मावशी म्हणाली, "1980 च्या दशकात त्यांनी ती कादंबरीही सुधारली, प्रसंग बदलले. माझ्या साक्षीदारानं जबानी बदलली तर मी त्याला का म्हणून विचारते. तू विचारशील?"

"विचारीन. लेखकाला तो हक्क आहे, पण विचारीन."

उरला प्रश्न क्रमाचा. नाटक आधी दिलं तर मुलांना जबानी म्हणजे अधःपात वाटेल. जबानी आधी दिली तर नाटक थाप वाटेल. मावशीचं म्हणणं, मुगोपासून सुरुवात कर; त्याला समजून घेतलेली मुलं पुढचं दोन्ही नीट वाचतील. तसंच करणार आहे. पण तिची दुसरी अट मी मानलेली नाही. नाटक फक्त 1976 चा पुरावा म्हणून शिकव, असं तिचं म्हणणं आहे. वर्गात मुलं ते मोठ्यानं वाचतील, किमाथीचं बोलणं स्वतःच्या तोंडानं बोलतील, आणि त्या वेळी ते कशाचाही पुरावा नसेल.