तो वेळ आणि ती वेळ

मराठीत ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांत चालतो, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. ‘माझा वेळ फुकट गेला’ असे आपण म्हणतो तेव्हा तो पुल्लिंगी असतो. ‘त्याच्यावर कठीण वेळ आली’ असे म्हणतो तेव्हा स्त्रीलिंगी. शब्द एकच, पण दोघांचे स्वभाव अगदी निराळे. तो वेळ मोजता येतो, वाचवता येतो, उधळता येतो. थोडक्यात म्हणजे तो आपल्या मालकीचा असतो. ती वेळ कुणाच्याच मालकीची नसते. ती नुसती येते. बहुधा दुसऱ्या कुणावर येते, आणि आपल्याजवळ तो नसतो नेमकी तेव्हाच येते.

‘वेळ नाही’ हे दोन शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो! आणि हे विधान तरी कोणत्या जातीचे? ‘खिशात पैसे नाहीत’ म्हणणाऱ्याला खिसा उलटा करून दाखवता येतो. पण दिवसाच्या साठ घटका राजालाही तेवढ्याच आणि रंकालाही तेवढ्याच. तेव्हा ‘वेळ नाही’ ही वस्तुस्थिती म्हणावी, सबब म्हणावी, की सभ्य शब्दांत दिलेला नकार म्हणावा? नीतीचा विचार करणाऱ्यांनी या प्रश्नाकडे फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. मानसशास्त्रज्ञांनी मात्र त्याचा पिच्छा पुरवला, आणि त्यांच्या हाती जे लागले ते ऐकण्यासारखे आहे.

आधी एक घरगुती हकीकत. हडसन होगलंड नावाचे एक अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. त्यांची पत्नी एकदा तापाने अंथरुणाला खिळली होती. होगलंड औषध आणायला गेले आणि वीसेक मिनिटांत परतले. पण बाईंची खात्री होती की स्वारी फार वेळ बाहेर होती. एरवी ती मोठी सोशिक. दुसरा नवरा असता तर वाद घालत बसला असता. या गृहस्थाने घड्याळ हाती घेतले आणि तिला मनाशी एकेक सेकंद मोजत साठपर्यंत आकडे म्हणायला सांगितले. ताप जितका चढलेला असे, तितके तिचे साठ आकडे लवकर संपत. म्हणजे तिच्या मनातला मिनिट घड्याळातल्या मिनिटाहून आखूड झाला होता, आणि म्हणूनच घड्याळाची वीस मिनिटे तिला कितीतरी लांब वाटली होती. १९३३ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढच्या संशोधकांनी त्यात पुष्कळ बारकावे आणले. पण मला त्यातली साधी गोष्टच मोलाची वाटते. वाट पाहणाऱ्याची वीस मिनिटे आणि औषध आणायला गेलेल्याची वीस मिनिटे या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि दोघेही खरेच बोलत असतात.

आता दुसरा प्रयोग. हा अधिक बोचरा आहे.

अमेरिकेत प्रिन्स्टन येथे धर्मोपदेशक तयार करणारे एक विद्यालय आहे. जॉन डार्ली आणि डॅनिएल बॅटसन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी तिथले चाळीस विद्यार्थी निवडले. प्रत्येकाला एका इमारतीत बोलावून सांगितले, की शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटेसे भाषण करायचे आहे. काहींना विषय दिला होता नोकरीधंद्याचा, तर काहींना बायबलमधली भल्या शोमरोनी माणसाची कथा. ती कथा आपल्याकडेही पुष्कळांना ठाऊक असते: वाटेत लुटारूंनी एकाला झोडपून टाकलेले असते, एक पुरोहित बाजूने निघून जातो, देवळाचा दुसरा सेवकही निघून जातो, आणि ज्याला ते लोक हलका लेखत तो परजातीचा शोमरोनी थांबून त्याची शुश्रूषा करतो. निघताना काही विद्यार्थ्यांना सांगितले, ‘तिकडे अजून अवकाश आहे, पण निघालात तरी चालेल’. काहींना सांगितले, ‘तिकडे तयारी झाली आहे, निघा’. आणि काहींना, ‘अहो, तुम्हाला उशीर झाला! ते केव्हाचे वाट पाहताहेत.’ दोन इमारतींच्या मधल्या गल्लीत एका दारापाशी एक माणूस मान खाली घालून, डोळे मिटून बसवला होता. विद्यार्थी जवळ आला की त्याने दोनदा खोकायचे आणि कण्हायचे.

ज्यांना सवड होती अशा ८ जणांपैकी ५ जणांनी काही ना काही मदत केली, निदान पुढे जाऊन कुणाला तरी सांगितले. मधल्या २२ पैकी १० जणांनी केली. उशीर झालेल्या १० पैकी फक्त एकाने. शोमरोन्याची कथा डोक्यात घोळत असल्यामुळे निश्चित फरक पडतो, असे काही त्या आकड्यांवरून म्हणता येईना. उलट त्याच कथेवर बोलायला निघालेले काही विद्यार्थी त्या कण्हणाऱ्या माणसाला अक्षरशः ओलांडून गेले. हे सारे १९७३ साली छापून आले.

एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेली कावडीतली गंगा तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली, हे आख्यान आपले कीर्तनकार किती रंगून सांगतात! प्रिन्स्टनची हकीकत वाचल्यापासून मला वाटते, एखादे बुवा हेच आख्यान लावायला लगबगीने देवळाकडे निघाले असतील, मंडळी खोळंबली असतील, आणि वाटेत कुणी पडलेला असेल, तर? बुवांवर शंका घेण्याचा हेतू नाही. आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या देवळाकडे निघालेले असतो.

या प्रयोगाचे तात्पर्य म्हणून ‘माणूस दांभिक आहे’ असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. डार्ली आणि बॅटसन यांनीच एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. न थांबता पुढे गेलेल्यांपैकी बरेचजण पलीकडच्या इमारतीत पोचले ते अस्वस्थ होऊन, घाबरल्यासारखे. निर्ढावलेला माणूस असा पोचत नाही. काहींना घाईपायी ते दृश्य नीट उमजलेच नसावे. आणि इतरांची ओढाताण झाली असावी. कारण ते काही स्वतःच्या चैनीसाठी धावत नव्हते. कुणीतरी त्यांच्यावर विसंबून खोळंबले आहे, असे त्यांना सांगितले होते. एकीकडे शब्द दिलेला माणूस आणि दुसरीकडे वाटेत पडलेला माणूस. घाई म्हणजे दर वेळी स्वार्थच असतो असे नाही. पुष्कळदा ती दुसऱ्या कुणाला दिलेल्या वचनाची असते. म्हणूनच हा प्रश्न कठीण. तो वेळ आधीच कुणाच्या तरी नावावर लिहून दिलेला असतो, आणि मग ती वेळ समोर येऊन उभी राहते.

मग वेळ देणाऱ्याचा वेळ कमी होतो का? घड्याळाने पाहिले तर होतोच. पण २०१२ साली कॅसी मोगिलनर, झोई चान्स आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांनी उलटा अनुभव नोंदवला. त्यांनी काहीजणांना आजारी मुलाला पत्र लिहायला बसवले आणि काहीजणांना लॅटिन मजकुरातले एक अक्षर शोधत बसण्याचे निरर्थक काम दिले. दुसऱ्या एका प्रयोगात काहीजणांकडून एका शाळकरी विद्यार्थ्याचा निबंध सुधारून घेतला, तर काहीजणांना ‘काम उरले नाही, लवकर घरी जा’ म्हणून मोकळे सोडले. गंमत अशी, की निबंध तपासत बसलेल्यांना आपल्यापाशी अधिक वेळ आहे असे वाटले, आणि आयती सवड मिळालेल्यांना तितके वाटले नाही! संशोधकांचे म्हणणे असे, की दुसऱ्याच्या उपयोगी पडले की ‘आपल्या हातून काही होते’ असा भरवसा वाटतो, आणि त्या भरवशामुळे दिवस मोठा भासतो.

हे वाचून मला आनंद झाला खरा, पण एक गोष्ट खटकली. या लोकांना दहा मिनिटे, अर्धा तास असा मोजका वेळ मागितला होता. आणि मुळात तो मागितला होता. आपल्या घरांत असे एक माणूस असते, बहुधा बाईमाणूस, की जिला ‘तुला वेळ आहे का?’ असे कुणी विचारतच नाही. तिचा वेळ पाण्याच्या पिंपासारखा स्वयंपाकघरात भरून ठेवलेला असतो. ज्याला तहान लागेल त्याने पेला बुडवावा. ऐन दिवाळीत चकलीच्या सोऱ्याशी बसलेल्या त्या बाईला कुणी सांगू जावे, की ‘दुसऱ्याला वेळ दिला म्हणजे आपला वेळ वाढतो’! तिच्या हाती झारा असताना तरी सांगू नये.

आणि या वाटेने पुढे गेले की आणखी एक नको ते दिसू लागते. उदार माणसाने दुसऱ्याला दिलेला वेळ पुष्कळदा तिसऱ्याकडून परस्पर उचललेला असतो. समाजकार्याला वाहून घेतलेल्या किती थोर पुरुषांचा वेळ त्यांच्या घरच्या माणसांनी पुरवला असेल, याचा हिशेब कुठल्याच चरित्रात नीटसा मांडलेला आढळत नाही. मानपत्रात तर नाहीच नाही. म्हणून ते दान खोटे ठरते, असे मी म्हणणार नाही. पण दात्यांच्या यादीत एक नाव गळलेले असते, एवढे खरे.

प्रिन्स्टनच्या त्या दहांतल्या एकाविषयी मला म्हणूनच सर्वांत अधिक कुतूहल वाटते. त्यालाही ‘उशीर झाला’ असेच सांगितले होते. ‘वाट पाहताहेत’ हे त्यानेही ऐकले होते. तरी तो त्या दारापाशी थांबला. त्याने खाली वाकून काय विचारले असेल, ते माझ्या डोळ्यांपुढे सहज उभे राहते. आणि त्याचबरोबर पलीकडच्या इमारतीतला तो माणूसही दिसतो: टेबलाशी बसून दाराकडे पाहणारा, मग घड्याळाकडे पाहणारा, आणि पुन्हा दाराकडे.