दर्शनबारीतील मन

आषाढी-कार्तिकीस श्रीक्षेत्र पंढरपुरी येणारा भाविक दर्शनबारीत कित्येक तास तिष्ठत उभा राहतो. श्रीचरणांवर मस्तक टेकण्यास मात्र त्याला मोजके क्षण लाभतात. मागून रेटा असतो, पुढे सरकण्याची घाई असते. तो बाहेर येतो, प्रसाद घेतो आणि परतीच्या गाडीत बसतो. घरी वृद्ध माता वाट पाहत असते. गुडघ्यांनी साथ सोडल्यामुळे तिची वारी खंडलेली असते. ती विचारते, "कसा दिसत होता रे पांडुरंग?" आणि मुलाला उत्तर सुचत नाही. श्रींच्या अंगावर कोणता पोशाख होता, गळ्यात तुळशीची माळ होती की फुलांचा हार, काहीच आठवत नाही. देह गाभाऱ्यात होता, मन मात्र बाहेर काढून ठेवलेल्या चपलांपाशी घुटमळत होते.

हा केवळ त्याचा दोष नव्हे. मन वाऱ्याप्रमाणे आवरण्यास कठीण आहे, अशी तक्रार गीतेच्या सहाव्या अध्यायात प्रत्यक्ष अर्जुनानेच केली. भगवंतांनी ती नाकारली नाही. मन चंचल आहे हे मान्य करून त्यांनी अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. अभ्यास म्हणजे भटकलेल्या मनाला पुन्हा पुन्हा माघारी आणणे. या अभ्यासाला दर्शनबारीसारखे स्थान क्वचितच सापडेल, कारण तेथे चालत राहण्याखेरीज दुसरे काही कामच नसते. पण बहुतेकांच्या लेखी बारी म्हणजे दर्शनाआधीची अडचण, आणि दर्शन तेवढे गाभाऱ्यातले.

ज्या भक्तामुळे पंढरीचे हे दैवत येथे उभे राहिले, त्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. भक्त पुंडलिक मातापित्यांचे चरण चुरीत बसला असता भगवंत दारी आले. पुंडलिकाने हातातील सेवा सोडली नाही. वीट पुढे सारली आणि देवाला तिच्यावर उभे राहण्यास सांगितले. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. कथेनुसार हाच पुंडलिक पूर्वायुष्यात मातापित्यांचा छळ करणारा होता. आईवडिलांकडे लक्ष देणे त्याला जन्मतः येत नव्हते, ते त्याला शिकावे लागले. ज्या पायांकडे त्याने कधी पाहिले नव्हते, त्या पायांवरून पुढे साक्षात देव आला तरी त्याचा हात निघाला नाही.

श्रींचे नित्योपचारही पाहण्यासारखे आहेत. पहाटे काकड आरतीने देवास जागे करणे, स्नान घालणे, पोशाख नेसविणे, नैवेद्य दाखविणे, सायंकाळी धूपारती आणि रात्री शेजारती. यात घरोघरी न घडणारे असे काय आहे? उठणे, न्हाणे, जेवणे, निजणे एवढेच. यात्राकाळात भाविकांसाठी मंदिर अहोरात्र उघडे राहते आणि देवाचा पलंग काढून ठेवला जातो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, आणि उभे राहून शिणलेल्या देवास काढा दिला जातो. पाषाणाच्या मूर्तीचाही शीण ओळखणारी ही परंपरा आहे. ती मनी धरणाऱ्याला घरातील माणसाचा शीण दिसू नये, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

माढा तालुक्यातील अरण हे संत सावता माळी यांचे गाव. पंढरी तेथून फार दूर नाही. तरीही सावतोबा आपला मळा सोडून पंढरीस गेले नाहीत, असे परंपरा सांगते. ज्याने स्वतः दारे धरली आहेत, त्याला यातले मर्म लवकर कळेल. पाटाचे पाणी वाफ्यात वळविताना क्षणभर दुर्लक्ष झाले तर बांध फुटतो. एक वाफा वाहून जातो, पुढचा कोरडा राहतो. मळ्यातले लक्ष ढळू न देता ओठी नाम ठेवणे ही सावतोबांची उपासना. शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५ मध्ये आषाढ वद्य चतुर्दशीस त्यांनी देह ठेवला. आजही दरवर्षी पंढरीहून विठ्ठलाची पालखी अरणला जाते.

संत गोरोबाकाकांची कथा मात्र ऐकणाऱ्यास थबकवते. तेर येथे माती तुडविताना ते नामात इतके रंगले की आपलेच तान्हे बाळ पायाखाली आल्याचे त्यांना कळले नाही. कीर्तनांतून ही कथा तल्लीनतेचा आदर्श म्हणून सांगितली जाते, आणि पुढे पांडुरंगाच्या कृपेने बाळ परत लाभले हेही सांगितले जाते. पण त्या मातेचा आक्रोश कथेने झाकलेला नाही, आणि श्रोत्यानेही तो गाळून पुढे जाऊ नये. देवाच्या नावाने आलेले भानही भोवतीचे विसरायला लावीत असेल, तर त्याची किंमत घरातल्या माणसांना मोजावी लागते. याच गोरोबाकाकांनी संतमेळ्यात थापटीने एकेकाचे मस्तक ठोकून पाहिले. मडके पक्के की कच्चे, हे कुंभाराला आवाजावरून कळते. नामदेवांचे मडके कच्चे ठरले. देवाशी नित्य बोलणाऱ्या नामदेवांना हे फार लागले. पुढे औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडून त्यांना उमगले की देव एका राउळापुरता नाही. आज पंढरीच्या महाद्वारी नामदेव पायरी आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची चरणधूळ तेथे पडते.

अन्नदानास हातभार लावणाऱ्या दात्यांनी एखाद्या दिवशी पंगतीत वाढण्यासही यावे. पावतीवर आकडा असतो. पानावर वाकल्यावर समोरच्या वारकऱ्याचे भेगाळलेले पाय दिसतात, आणि "आणखी थोडा भात" हे शब्द ऐकू येतात.

पुढच्या वारीस तोच भाविक पुन्हा दर्शनबारीत असतो. पुढे एक म्हातारी आहे, तिच्या पिशवीत तुळशीचे रोप आहे. कोणी तांब्या पुढे करतो, कोणी अभंगाचे धृपद धरतो. गाभाऱ्यात या वेळीही तेवढेच क्षण मिळतात. कटेवरचे कर, कानीची मकरकुंडले, भाळीचा बुक्का, तुळशीची माळ. घरी आल्यावर माता नेहमीचा प्रश्न विचारते. तो बारीपासून सांगू लागतो. म्हातारीच्या पिशवीतले रोप ऐकताच निवडत असलेली भाजी बाजूला सारून ती म्हणते, "थांब, सावकाश सांग."